दादूचा प्रवेश आणि सत्तावीस घरांची मतं: आमच्या बालवाडीतलं एक प्रकरण

हे लिहून ठेवायचं असं किती महिने चाललं होतं, आता बसलेच. मी जळगाव जिल्ह्यात अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका मोठ्या गावात बालवाडी चालवते. महिला मंडळाची आहे, वर्ग एकच, मागच्या वर्षी पोरं अठ्ठावीस आणि आम्ही दोघी, मी आणि एक मदतनीस मावशी. जून ते मार्च जे घडलं ते जसंच्या तसं सांगते, त्यात माझ्या चुकापण येतील कारण त्याच चुका दुसऱ्या कुठल्या ताईकडून होऊ नयेत असं मला फार वाटतं. गावाचं नाव देत नाहीये. पोराला घरी दादू म्हणतात, आपल्याकडे दर तिसऱ्या घरात एक दादू असतोच, म्हणून तेच ठेवते. आईला विचारूनच लिहितेय.

पोरगं आणि त्याचं घर

दादू तेव्हा साडेचार वर्षांचा होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, सरकारी कागदावर मेंदूचा पक्षाघात असं लिहितात. जन्मला तेव्हा लवकर रडला नाही, बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. दोन्ही पाय ताठ, पायात स्प्लिंट म्हणजे आधाराचा साचा घालून भिंतीला धरून चालतो, डावा हात आखडलेला, उजव्याने धरता येतं. बोलायला सात-आठ शब्द पण कळतं सगळं, म्हणजे घंटा झाली की आपलं दप्तर कुठलं ते डोळ्यांनी दाखवतो. आणि लाळ गळते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं अर्धं रामायण त्या लाळेवरून झालं.

त्याची आई माझ्याकडे आली ती दोन नर्सऱ्या फिरून. नावं घेत नाही. एका ठिकाणी सरळ सांगितलं आमच्याकडे सोय नाही, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले आम्हाला चालेल हो, पण बाकीचे पालक काय म्हणतील. मी हे ऐकून तिच्यासमोर खूप चिडले होते, आणि पंधरा दिवसांत मी स्वतः जवळजवळ तेच केलं, ते पुढे येईलच. मधे काही महिने तो अंगणवाडीत जात होता, सेविका ताई जीव लावणारी, केंद्राने २०२३ च्या नोव्हेंबरात अंगणवाडीसाठी दिव्यांग मुलांचा प्रोटोकॉल काढला तोही तिला माहीत होता, पण खोली एवढीशी, वर आहार, वजनं, मोबाइलमध्ये भरायची माहिती, ती एकटी कुठे कुठे बघणार. तिनेच आईला माझ्याकडे पाठवलं.

वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्यांचं मत पहिल्यापासून वेगळं होतं. त्यांचं म्हणणं जळगावला खोली घेऊ, तिथे स्पेशल शाळा बघू, तिथे सगळी पोरं सारखी असतात, कोणी टक लावून बघत नाही, इथे याला सगळे बिचारा म्हणतील आणि बिचारा म्हणून घेत मोठा होईल. मला हे मत तेव्हाही चुकीचं वाटलं नाही, आताही वाटत नाही. आपण ‘सर्वांनी एकत्र शिकावं’ म्हणून मोकळे होतो पण रस्त्यात लोकांच्या नजरा त्या बापाने खाल्लेल्या असतात. आईचं म्हणणं, आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला जळगावला नेतेच आहे, ते साठेक किलोमीटर, मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं म्हणून निदान परवडतं तरी, पण घर, शेत, सासू-सासरे सोडून तिथे राहायचं कसं, आणि त्याला शेजारची पोरं हवीत, तो दिवसभर दारात बसून त्यांच्याकडे बघतो. आजोबांना सगळे जिभाऊ म्हणतात, ते तेव्हा काहीच बोलले नाहीत.

कायद्याचं थोडं सांगते कारण पालक हमखास विचारतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला तेव्हा आधीच्या १९९५ च्या कायद्यातले ७ प्रकार वाढून २१ झाले, सेरेब्रल पाल्सी त्यात नावानिशी आहे. १६ व्या कलमात आहे की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि पोराच्या गरजेप्रमाणे सोय करायची. ३१ व्या कलमात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला फुकट शिक्षण, जवळच्या शाळेत नाहीतर स्पेशल शाळेत, जे त्याला हवं ते, पण वय ६ ते १८. शिक्षण हक्क कायदा म्हणजे आरटीई २००९ चा, तोही ६ ते १४. म्हणजे ३ ते ६ हे जे वय, ज्या वयात पोरगं दुसऱ्या पोरांमध्ये बसायला शिकतं, तिथे ते बसेल की नाही हे पुष्कळदा नर्सरी चालवणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा पायाभूत टप्पा एकच धरलाय, पण कागदावरचा टप्पा गावात उतरायला वेळ लागतो.

पहिली मीटिंग

मी प्रवेश दिला आणि मग मला वाटलं की पालकांना विश्वासात घ्यावं. म्हणून जूनच्या शेवटच्या शनिवारी मीटिंग बोलावली, सगळ्यांना चहा केला, दादूच्या आईलाही बसवलं, आणि उभं राहून म्हटलं की असं असं मूल आपल्याकडे येतंय, त्याला असा असा आजार आहे, तुमची काही हरकत आहे का.

‘तुमची काही हरकत आहे का’ हे मी बोलायलाच नको होतं. बाकी सत्तावीस पोरांपैकी एकाच्याही प्रवेशाला मी कोणाला हरकत विचारली नव्हती. एकाला सारखी सर्दी असते, एक चावतो, एक अजून चड्डीत करते, त्यांच्यासाठी मीटिंग घेतली का? नाही घेतली. आणि एकदा विचारल्यावर लोक उत्तर देणारच, तो त्यांचा दोष नाही.

एक आजी लगेच म्हणाली, “त्यानी लाय लागनी ते आमना पोऱ्याले बी व्हई का तसं?” लाय म्हणजे लाळ. कोणीतरी हसलं, दादूच्या आईने पदराआड हात नेऊन दादूचं तोंड पुसलं. एक गुरुजी आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, त्यांची मुलगी आमच्याकडे होती, ते म्हणाले मॅडम, तुमचा वेळ त्याच्यात जाईल, आमच्या मुलीची गती कमी होईल. वेल्डिंगचं दुकान असलेले एक भाऊ, ते कमी बोलतात, त्यांनी विचारलं त्याला संडासला कोण नेणार, मावशी एकटी आहे, ती त्याला धरून बसली तर बाकीच्यांना कोण बघणार. एक ताई पोटुशी होत्या, त्यांच्या सासूबाई म्हणाल्या आमच्या सुनेने रोज त्याच्याकडे बघणं बरं नाही. ते मी ऐकून घेतलं आणि सोडलं, त्यावर त्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आणि किराणा दुकानवाल्या वहिनी उभ्या राहिल्या, त्यांचा आवाज मोठा, “काय तुम्ही बाया! देवाचं लेकरू आहे ते, पुण्य लागेल पुण्य, ताई तुम्ही घ्या त्याला, मी आहे.” मला तेव्हा रडू आलं, वाटलं एक तरी माणूस भेटलं.

आणि मी सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देत गेले, काही काळजी करू नका, मी बघेन, काही होणार नाही. वेल्डिंगवाले भाऊ दोनदा म्हणाले की ताई तुम्ही बघाल हो, पण कसं बघाल. मला तो खवचटपणा वाटला. आज वाटतं त्या खोलीत सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं.

दुसऱ्या दिवशी दादूची आई आली. ती भांडली नाही. म्हणाली, “ताई, माझ्या पोराची फाइल सगळ्यांसमोर वाचल्यासारखं वाटलं.” मी तिला न विचारता त्याचा आजार, जन्म, सगळं सांगून टाकलं होतं. माफी मागितली, पण ते बोललेलं परत घेता येत नाही.

घरोघर

मग मी जुलैत घरभेटी घेतल्या. रोज दोन-तीन घरं, संध्याकाळी. मीटिंगमध्ये माणसं पुढे बसतात आणि बाया मागे, बोलतात ते पुढचेच. घरी चुलीजवळ बसलं की दुसरंच ऐकायला मिळतं. आजीला मी खरं खरं सांगितलं, की हा आजार लाळेने, उष्ट्याने, सोबत बसल्याने होत नाही, जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली त्याचा आहे, तो वाढत पण नाही. लाळ त्याला जास्त येते असं पण नाही, तोंडाचे स्नायू आणि गिळणं आपल्यासारखं वेळेवर होत नाही म्हणून बाहेर येते. पण सर्दी-खोकला लाळेने लागतो, तो दादूचा लागेल तसा तुमच्या नातवाचा पण दादूला लागेल, म्हणून खेळणी मी रोज सुटताना साबणाच्या पाण्यात धुवून टाकते, बघायला या. आजी खरंच आली बघायला. टब बघितला, ठोकळे उचलून बघितले, काही बोलली नाही, गेली. पण मग लाळेचा विषय तिच्याकडून परत निघाला नाही.

एका घरी एक आई आतून दार लावून घेऊन बसली माझ्याजवळ, मला वाटलं ही काय सांगते आता. म्हणाली, “ताई, दादूचं बघताय तसं माझ्या पोरीचं पण बघाल का, तिला हाक मारली तर वळत नाही, घरात म्हणतात हट्टी आहे.” मीटिंगमध्ये ही बाई गप्प होती. मी त्या मुलीला वर्गात शांत म्हणून कौतुक करत होते हो! तिचं नाव अंगणवाडीत होतंच, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायला येते, २०१३ पासून आहे हे, त्यांना दाखवलं, त्यांनी पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. कान सारखा वाहत होता, ऐकू कमी येत होतं. औषध चाललं, मी तिला पुढे बसवायला लागले. पण मला हे सांगायचंय की दादू आला नसता तर ती आई बोलली नसती. ज्या घरात असं काही असतं ते घर आधी बघून घेतं की इथे अशा पोराला कसं वागवतात, आणि मग तोंड उघडतं.

गुरुजींकडे मात्र माझं पटलं नाही. त्यांना मी म्हटलं चार वर्षांच्या मुलीची कसली गती, ती मणी ओवते, गाणी म्हणते, वाळूत हात घालते. ते म्हणाले मॅडम पहिलीत आल्यावर काय होतं ते मी रोज बघतो. तेही खरं होतं, वर्गात तीस-पस्तीस पोरं आणि प्रत्येकाची वेगळी तऱ्हा, ते दमलेले होते. दिवाळीनंतर त्यांनी मुलीला अमळनेरला इंग्लिश मीडियमला टाकलं. दादू हे कारण होतं का, थोडं होतं, त्यांनी मला तोंडावर सांगितलं, मागे बोलले नाहीत. मला वाईट वाटलं पण राग नाही आला.

दुसरी मीटिंग

ऑगस्टमध्ये, कानबाईचे रोट म्हणजे आपला खानदेशातला श्रावणातला सण झाल्यावर. या वेळी आधी दादूच्या आईला विचारलं काय सांगू आणि काय नको. ती म्हणाली मी येत नाही, जिभाऊ येतील, आणि त्याच्या जन्माचं काही सांगू नका.

मी सुरुवातच केली की दादूचा प्रवेश झालेला आहे, तो विचारायला बोलावलेलं नाही. आपण आज सव्वानऊ ते साडेबारा वर्गात काय काय होतं ते एकेक करून बघू, कुठे अडेल ते तुम्ही सांगा. आणि फळ्यावर वेळा लिहिल्या. चप्पल काढणं, प्रार्थना, गोलात गाणी, शू-शी, डबा, अंगणात खेळ, गोष्ट, सुटणं. तुम्हाला सांगते, त्या दीड तासात एकानेही ‘याला कशाला घेतलं’ म्हटलं नाही. सगळे कामाचं बोलायला लागले. शू-शीपाशी आलो तेव्हा वेल्डिंगवाले भाऊ उठून सरळ संडास बघायला गेले, आले, म्हणाले उजव्या भिंतीला दांडी लागेल, पोराच्या छातीएवढ्या उंचीवर, उद्या लावतो. लावली. ती दांडी आता सगळी लहान पोरं धरतात, साडेतीन वर्षांचं पोरगं देशी भांड्यावर बसताना घाबरतंच, कोणालाच आजवर सुचलं नव्हतं.

खुर्चीचं काम सुताराने केलं. जळगावच्या थेरपिस्ट मॅडमनी माप दिलं होतं, पाठ आणि बाजू कोपऱ्यात बसल्यासारखी धरून ठेवणारी, समोर फळी, पाय टेकायला पाट. दादू त्यात बसला आणि पहिल्यांदा त्याचे दोन्ही हात मोकळे झाले, तोपर्यंत एक हात जमिनीला टेकून स्वतःला सावरण्यातच जायचा. चमच्याला मावशीने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, मूठ जाड झाली की त्याला धरता येतो. पहिल्या दिवशी खिचडीचा अर्धा घास तोंडात, अर्धा गालावर, आणि शेजारचं पोरगं आपला डबा सोडून त्याच्याकडेच बघत बसलं. लाळेरं त्याला गळ्यात नको असायचं, ओढून काढायचा, बाळाचं वाटत असेल त्याला, मग एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी जुन्या टॉवेलचा मनगटात घालायचा पट्टा शिवून दिला. तो शिकला हळूहळू, मनगट तोंडाला न्यायचं. रोज नाही जमत. जमलं की माझ्याकडे बघतो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो दुसऱ्या मदतनीसावरून, म्हणजे पैशावरून. अजून एक बाई लागणार हे सगळ्यांना पटलं होतं. दादूचे वडील घरून निरोप देऊन होते की तिचा पगार आम्ही देऊ. सगळ्यांना वाटलं सुटला प्रश्न. मी नाही म्हटलं, आणि जिभाऊंना ते आवडलं नाही, त्यांना वाटलं मी त्यांचे पैसे कमी लेखते. पण माझं म्हणणं असं होतं की त्यांनी पगार दिला की ती बाई दादूची बाई होणार. तो एका कोपऱ्यात तिच्यासोबत आणि बाकी वर्ग माझ्यासोबत, एका छपराखाली दोन शाळा. दुसऱ्या कोणाचं पोरगं पडलं तर ती उठणार नाही, आणि दादूला काही हवं असलं तर दुसरी पोरं त्याच्याकडे जाणार नाहीत कारण ‘त्याची बाई आहे ना’. मोठ्या शहरांच्या शाळांत पालकांनाच असं माणूस लावायला सांगतात असं ऐकते, त्यांची अडचण असेल, पण मला ते मान्य नाही. बाई वर्गाची हवी. शेवटी महिन्याला साठ रुपये फी वाढवायची, दोन घरांना ते झेपत नव्हतं त्यांना सोडायचं, उरलेलं मंडळाने द्यायचं असं ठरलं. एक-दोघं कुरकुरले. बाई आली तसं पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की फायदा सगळ्यात जास्त लहान गटाला झाला, त्यांची शू वेळेवर व्हायला लागली, रडणारं पोरगं लगेच कोणीतरी उचलायला लागलं.

ओट्यावरून पडला तेव्हा

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई, पोरींचा गाण्यांचा सण. वर्गातही आम्ही मांडतो, गाणी झाली की डबा हलवून खाऊ ओळखायचा. दादूला दोन्ही हातांत डबा दिला की तो छातीशी धरून सगळं अंग हलवतो, त्यामुळे आवाज असा काही येतो की पोरं ओरडतात शेंगदाणे, फुटाणे, चॉकलेट. एकदा त्याने स्वतःच झाकणाकडे बघून “केऽऽ” केलं, आत केळ्याचे वेफर्स होते, आणि पोरं चिडली, दादूने सांगून टाकलं! त्याच्यावर कोणी चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी, साडेदहा-पावणेअकरा, डबा संपवून पोरं पाण्याच्या माठाकडे पळाली. दादू ओट्याच्या कडेला भिंत धरून उभा. किराणावाल्या वहिनींचा मुलगा, दांडगा आहे पण वाईट अजिबात नाही, तो मागून धावत आला आणि त्याचा धक्का लागला. दादू खालच्या शहाबादी फरशीवर तोंडावर. हनुवटी फाटली. तो मनगटाचा टॉवेलचा पट्टा रक्ताने भिजलेला अजून डोळ्यांसमोर येतो. दवाखान्यात तीन टाके पडले.

सगळ्यांची भीती काय होती, की दादूमुळे आमच्या पोरांना काही होईल. झालं उलटं. आणि लोक जे वागले तेही माझ्या अंदाजाच्या उलटं. वहिनी, ज्या पुण्य लागेल म्हणत होत्या, त्या संध्याकाळी दुकानासमोर मला म्हणाल्या, “माझ्या पोराला खुनी ठरवताय का तुम्ही, पोरं पळणारच, त्याला उभं राहता येत नाही तर कशाला ठेवता तिथे.” मी कोणालाच ठरवलं नव्हतं, पण गावात तोपर्यंत त्यांच्या मुलाचं नाव झालं होतं आणि आई म्हणून त्यांना ते लागलं. पुढे दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि वेल्डिंगवाले भाऊ, ज्यांना मी विरोधक समजत होते, ते दुसऱ्या दिवशी टेप घेऊन ओट्याची उंची मोजत होते.

यावर मी खूप विचार केलाय. दयेवर जो पाठिंबा उभा असतो तो आपल्याला पहिली तोशीस लागली की खाली बसतो. ज्याने आधी ‘कसं करणार’ विचारून डोकं खाल्लेलं असतं तो अडचण आली की घाबरत नाही, त्याने ती आधीच धरलेली असते. वहिनी वाईट नाहीत. त्यांना मी कधी काही काम सांगितलंच नाही, नुसतं त्यांच्या चांगल्या बोलण्यावर खूश राहिले.

दादूची आई आठ दिवस पोराला घेऊन आली नाही. वडील म्हणाले मी म्हटलंच होतं, जळगावला जाऊ. मी घरी गेले, माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, बसून राहिले. नवव्या दिवशी सकाळी जिभाऊ सायकलवर दादूला पुढे बसवून आले. दादूला उतरवून घेता घेता मी म्हटलं, जिभाऊ, मी आता त्याला अंगणात सोडणारच नाही. ते एवढंच म्हणाले, “पडना ते पडू द्या, उठी तो. कोंडी नका ठेवू.” आणि जाता जाता, पंढरपूरला देवळात सगळ्यांना जाऊ द्या म्हणून १९४७ ला साने गुरुजी उपाशी बसले होते, ते आपल्या अमळनेरच्या शाळेत मास्तर होते, हे माहीत आहे ना तुम्हाला, असं विचारून गेले. मला माहीत होतं. या पोराच्या दारात उभं राहून ते मला आठवलं नव्हतं.

नंतर आम्ही ओट्याला दोन पायऱ्या केल्या, कडेला पिवळा पट्टा मारला, दांडी लावली, आणि पाण्याचा माठ उचलून दुसऱ्या टोकाला नेला. माठ हलवायला दहा मिनिटं लागली. चार महिने तो चुकीच्या जागी होता. डबा संपला की दादू आणि अजून दोन पोरं आधी पाणी पितात, त्या दोघांत रोज बदल, म्हणजे दादूसोबत लवकर जायला मिळतं म्हणून नंबर लागतो. जानेवारीत मी वहिनींच्या दुकानात गेले आणि म्हटलं संक्रांतीच्या कार्यक्रमाला अंगणात एक मोठं माणूस कडेला उभं हवंय, तुम्ही याल का. त्या आल्या, उभ्या राहिल्या, आणि आता शनिवारच्या खेळाला येतात. पोरांवर ओरडतात फार.

मार्चपर्यंत

दादू काय शिकला हे पालक विचारतात आणि विचारावंच. शब्द वीसेक झाले. खुर्चीत बसून स्वतः खातो, सांडतो. रेघोट्या ओढतो. चालणं फारसं बदललं नाही, ते थेरपीचं काम आहे आणि वेळ घेणार, शाळेत घातल्याने पाय सरळ होतील असं मी कोणाला सांगत नाही, कोणी सांगत असेल तर ऐकू नका. फिजिओथेरपी चालूच आहे. वडिलांचं मत बदललं का, तर पूर्ण नाही. ते म्हणतात आता लहान आहेत म्हणून खेळतात, मोठी झाल्यावर कळेल. मी त्यावर वाद घालत नाही कारण मला त्याचं उत्तर येत नाही. पोटुशी ताईंच्या सासूबाई अजून त्याच्या बाजूने जाताना तोंड फिरवतात. एका घरात अजून नातवाला सांगून पाठवतात त्याच्या शेजारी बसू नको. बाकीच्या घरांत मार्चमध्ये मी परत गेले तेव्हा दादूबद्दल कोणी काही बोललंच नाही, फीचं बोलले, उन्हाचं बोलले की चाळीसच्या वर जायला लागलं शाळा आठला करा, उन्हाळी सुट्टीत वर्ग घेणार का विचारलं.

आता पुढचं. दादू या वर्षी मोठ्या गटात आहे, पुढच्या जूनला पहिली. त्याची आई परवा वही घेऊन आली होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन काय काय विचारायचं ते लिहून. वर्ग खाली आहे का वर, संडासला दांडी आहे का, रॅम्पचं दार उघडं असतं का कुलूप, विशेष शिक्षक किती दिवसांनी येतात, डबा कुठे खातात, पाणी कुठे आहे. मी बघून म्हटलं प्रवेश देणार का हे नाही लिहिलं. ती म्हणाली, “ते का विचारायचं?” मग आम्ही दोघींनी खुर्ची बघितली, त्याचे गुडघे फळीला लागायला लागलेत, सुताराला रविवारी बोलावलंय.